गिरजाबाईंचा भरलेला तांब्या

काळेवाडीच्या चाळीत गिरजाबाईंचा दरारा होता. छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हा घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातांनी नदीत सोडले होते. सासरा दारात आडवा पडला तरी पाऊल मागं घेतलं नव्हतं. सून नीलाला या सासूचा धाक होता आणि अभिमान त्याहून जास्त. माहेरी गेली तरी ती सासूच्याच गोष्टी सांगत बसे, इतकी की तिची आई वैतागून जाई.

त्या गिरजाबाई एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी उठल्या आणि नीलाला कस्तुरा म्हणून हाक मारू लागल्या. कस्तुरा त्यांची बहीण, जाऊन कैक वर्षं झालेली. मग लुगडं उलटं नेसून त्या घरभर काहीतरी हुडकत फिरू लागल्या. नीलानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "देव कुठं ठिवलं माझं? दिवा लावायचा हाय."

शेजारच्या चिमाबाईंनी हे ऐकलं, मग चाळभर व्हायला कितीसा वेळ! बुडवलेले देव परत आले, असा निकालच लागला. चिमाबाई वाईट नव्हत्या; खऱ्या काळजीनंच त्यांनी चाकणकडच्या एका देवऋषीचं नाव सुचवलं. नीलाचा नवरा भीमराज नुकताच रात्रपाळी करून आलेला. आईची ही दशा बघून त्याचा धीर सुटला. कुणाला कळणार नाही, गुपचूप अंगारा लावून आणू, म्हणत तो रिक्षा बघायला निघाला.

नीला उंबऱ्यात आडवी उभी राहिली. नवऱ्यापुढं ती अशी कधी उभी राहिली नव्हती.

"शुद्ध नसताना आत्या काय बोलल्या ते धरू नका," ती म्हणाली. "शुद्धीत असताना त्यांनी काय केलं ते धरा. उद्या बऱ्या झाल्या आणि कपाळावर अंगारा दिसला, तर काय सांगाल त्यांना?"

भीमराजनं रिक्षा आणली, ती पिंपरीच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी आधी विचारलं, हे कधीपासून. काल संध्याकाळी तर ज्वारी निवडत होत्या, नीला म्हणाली. मग हा म्हातारचळ नव्हे, डॉक्टर म्हणाले. तो हळूहळू येतो. असं एकाएकी झालं की शरीरातच काहीतरी बिघडलेलं असतं. पडल्या का, डोक्याला लागलं का, नवी गोळी चालू केली का, लघवीला जळजळ होते का, पाणी किती पितात, असं ते विचारत गेले. पाण्यापाशी नीला अडखळली. सासूच्या उशाशी ती रोज सकाळी तांब्या भरून ठेवी आणि संध्याकाळी तो भरलेलाच दिसे. पिऊन पुन्हा भरला असेल, असं ती धरून चालली होती.

लघवीत जंतू निघाले, अंगातलं पाणीही आटलं होतं. सलाइन लावलं, इंजेक्शनं झाली. दोन-तीन दिवसांत गिरजाबाईंनी सुनेला तिच्या नावानं हाक मारली. सगळं ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा कपाळावरून हात फिरवला.

"अंगारा?"

"नाही लावू दिला."

गिरजाबाई शेजारच्या खाटेवरच्या बाईला, तिनं काही विचारलेलं नसताना, म्हणाल्या, "ही माझी सून हाय."

पाणी का पीत नव्हत्या ते मात्र खोदून विचारावं लागलं. चाळीचे संडास एका कोपऱ्यात, आणि दिवसभर तिथं कारखान्याच्या पाळीवरून येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांची रांग. त्यांच्यासमोरून डबा घेऊन जायची गिरजाबाईंना लाज वाटे, म्हणून अंधार पडेपर्यंत त्या घोटभरही पीत नसत. देवांना न भ्यालेली बाई रांगेला भ्याली, हे सांगताना त्यांची मान खाली गेली. नीलाला हसावं की रडावं कळेना, कारण तीही तेच करत होती.

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी गिरजाबाईंनी तांब्या तोंडाला लावला, तो रिकामा करूनच खाली ठेवला. दुसरा भरून सुनेच्या हातात दिला. थोड्या वेळानं, रात्रपाळीची माणसं रांगेत उभी असतानाच, दोघी डबे घेऊन बाहेर पडल्या. गिरजाबाई पुढं, मान ताठ.

"सरा," त्या म्हणाल्या.

सगळ्यात आधी सरला तो भीमराज. मग बाकीची रांग सरली. नीलानं मागं वळून बघितलं, तर चिमाबाईही डबा घेऊन निघाल्या होत्या.