कुंपणापासून भिंतीपर्यंत

तापमानाच्या बारा वर्षांच्या महिनावार सरासऱ्या ब्रॉन्विनने वडिलांच्या संगणकावर मांडल्या आणि आलेख काढला. ऑस्ट्रेलियातल्या ग्वायरा गावाचं बागकाम मंडळ दर वसंतात तो छापत असे. टोमॅटोची रोपं कधी लावायची, ते गाव त्यावरून ठरवी. या वेळी तो काढायला तिचे वडील, क्लेम, नव्हते. ऑगस्टमध्ये गेले.

किमान तापमानाची रेघ दर हिवाळ्यात शून्याखाली बुडत होती. दोन वर्षांपूर्वी, हिवाळ्याच्या तोंडावरच्या मे महिन्यापासून मात्र ती एकदम दोन अंश वर चढली होती, आणि तशीच वर राहिली होती. "इकडची थंडी मेली आता," वडील तेव्हा फोनवर म्हणाले होते. सिडनीत बसून तिने ते खरं मानलं.

आलेख न्यायला शेजारचे नेव्ह आले, तेव्हा तिने रेघेवर बोट ठेवलं.

"ते होय," नेव्ह म्हणाले. "थर्मामीटरची पेटी हलवली ना आम्ही. कुंपणाशी होती, ती स्वयंपाकघराच्या भिंतीला आणून लावली. भिंत रात्रभर ऊब सोडते."

"पण का?"

"कुंपणापर्यंत जाता येईना त्याला. दोनदा पडला."

"मला बोलले नाहीत."

"तुला कशाला सांगतोय? तू उचलून सिडनीच्या फ्लॅटमध्ये नेलं असतंस. मलाही दम भरला होता, तोंड उघडलंस तर तुझी शिडी परत देणार नाही म्हणून." नेव्ह हसले आणि थांबले. "पोरी, तेवढे आकडे दोन अंश खाली ओढ. लोकांचे टोमॅटो गारठून मरायचे वाचतील, त्याचंही झाकलेलं राहील."

तिने ओढून पाहिले. रेघ बेमालूम जुळली. वडील शेवटच्या हिवाळ्यातही गोठलेल्या गवतातून रोज कुंपणाशी चालत गेले, असंच कुणालाही वाटलं असतं. ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली.

मग तिने आकडे होते तसे केले आणि मे महिन्यापाशी रेघ तोडली. एका तुकड्याखाली लिहिलं, 'पेटी कुंपणाशी'. दुसऱ्याखाली, 'पेटी भिंतीशी, चालणं जमेना'.

"हे आवडलं नसतं त्याला," नेव्ह म्हणाले.

"माहीत आहे. पण थर्मामीटरवर वाचलेला आकडा त्यांनी कधी बदलला नाही."

नेव्हनी छापलेला कागद उचलला. कागदाची घडी घालता घालता थांबले, त्याची गुंडाळी केली, आणि आत कुणी झोपलेलं असावं तसं दार हळूच ओढून गेले.