पिसवा नसलेले उंदीर

त्या बागेतल्या उंदरांनी मला अगदी वीट आणला होता. साल एकोणीसशे अठ्ठावन्न, अकोल्यात प्लेगची पाहणी चालू होती आणि रोज सकाळी पिंजऱ्यातला उंदीर पांढऱ्या ट्रेवर धरून बारीक कंगव्याने विंचरायचा, गळालेल्या पिसवा मोजायच्या, आकडा लिहायचा, एवढंच माझं काम होतं. धान्यबाजारातल्या उंदरावर पाच-सात पिसवा हमखास निघत. बागेतल्यांवर एकही नाही, सलग एकोणीस दिवस. वर ते क्लोरोफॉर्म न देताच गप्प पडून राहत आणि उघड्या डोळ्यांनी विंचरून घेत.

आमचे आरोग्य अधिकारी बापूसाहेब भडकले. "पिसू मेलेलं अंग सोडते, जिवंत नाही. तुम्ही कामात कुचराई करता. बागेचा खरा आकडा येईपर्यंत बदली विसरा."

बदली अमरावतीची होती. तिथे माझी बायको विमल होती, आणि दोन महिन्यांची मुलगी, जिचं तोंडही मी अजून पाहिलं नव्हतं. एका पिसवेपायी माणसाने लेकीला भेटू नये, म्हणजे काय म्हणावं! चिडून मी दिवसभर बागेतच ठाण मांडू लागलो. डबा तिथेच खायचा आणि दुपारी बिळांशेजारच्या गवतावर आडवं व्हायचं.

"साहेब, अठी निजत नका जाऊ," बागेचा माळी पुंजाजी एकदा म्हणाला.

"काहून?" मी त्याच्याच बोलीत खेकसलो.

तो झाडांना पाणी द्यायला निघून गेला.

शनिवारी बापूसाहेब स्वतः आले, माझा हात तपासायला बाजारातला एक उंदीर पिंजऱ्यात घेऊन. मी तो धरून विंचरू लागलो तशा पिसवा भराभर उडाल्या. बापूसाहेब चार हात लांब उभे होते, तरी धोतर झटकत नाचू लागले; त्यांच्या मागे पुंजाजी पोटऱ्या खाजवत होता. मग मी बागेतला उंदीर घेतला. एकही पिसू नाही. बापूसाहेबांनी मान खाजवत, चरफडत, तिथल्या तिथे बदलीच्या कागदावर सही केली आणि ते निघून गेले.

एकदाची सुटका झाली! विमलला तार करायला मी घाईने उठलो. पुंजाजी माझ्या उघड्या हातांकडे बघत होता; उंदीर मीच धरला होता, तरी कोपरापर्यंत पिसवेचा एकही चावा नव्हता.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "लेकराले जवळ घेऊ नका."