तांबूचा उपास

वसुबारसेला तिकोणा पेठेतल्या बाया स्वतः उपास धरत आणि गाईला चारून चारून मारत. मारत म्हणजे अगदी मारतच. गेल्या साली सरुबाईची ढवळी अशीच गेली. आळीतल्या झाडून साऱ्या बायांनी तिला ओवाळलं, पुरणपोळीचे घास कोंबले, आणि सकाळी बघतात तर गाय नगाऱ्यासारखी फुगून गोठ्यात आडवी. सरुबाई काही दिवस रडली, मग सांगत सुटली, "सणाच्या दिवशी देवीनं नेली. भाग्याची व्हती."

पाणवठ्यावर हे ऐकून विठाबाई घागर घासता घासता म्हणाली, "देवी काय पुरणपोळीत बसून आलती?"

औंदा आळीत दुभती सवत्स गाय एकच होती, विठाबाईची तांबू. तांबूची आई इंदुरीहून विठाबाईच्या लग्नात आंदण आली होती. तांबू तिच्याच हाताखाली वाढलेली, आणि नवरात्रात झालेली तिची कालवड पवळी, पोवळ्यासारखी तांबूस, अजून दुधावरच. पहाटे जात्यावर बसलं की विठाबाईच्या तोंडी यायचं:

इंदुरीचं माझं माह्यार, दारामंदी बांधियलं
तांबूच्या डोळ्यांमंदी, आईला गं पाहियलं

म्हणजे औंदा सारी आळी तिच्याच दारी येणार. दारी आलेल्या सवाशिणीला, त्यातून नैवेद्य हातात घेऊन आलेल्या सवाशिणीला, नको कसं म्हणावं?

"न्हाई म्हनलीस तर आळीत तोंड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाई," नवरा भिमाजी म्हणाला.

"तुमी तुमचं तोंड दाखवा. गाईचं मी झाकते."

दिवेलागणीला बाया आल्या. पुढे लीलाबाई पाटलीण. तिच्या हातात केळीचं पान, पानावर पोळ्यांची चवड, वर लोणावळ्याहून भावाने आणलेले पेढे. इतरांनी एकेक पोळी आणली म्हणून तिने चवड आणली होती. पुण्य वजनावर मिळतं अशी तिची खात्री होती.

तांबू धुतलेली, शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूची माळ. आणि तोंडाला मुसकं. मळणीच्या बैलाने धान्याला तोंड लावू नये म्हणून बांधतात ते, दोरीचं जाळीदार. विठाबाईने त्यालाही हळदकुंकू लावलं होतं.

"हे काय गं विठा?"

"उपास."

"कुनाचा?"

"तांबूचा. तुमी लेकरासाटी धरता, तीबी लेकुरवाळीच हाय. तुमी आज दूधतूप सोडलंसा, तिनं पुरन सोडलंय. देवीनं सपनात येऊन सांगितलं तिला."

"गाईला सपान पडतंय व्हय?"

"सरुबाईच्या गाईला न्यायाला देवी सोता आली. माझ्या गाईला नुस्तं सपान पडलं तर काय बिघडलं?"

सरुबाईने पदराचं टोक चाचपलं. बाकीच्या एकमेकींकडे बघू लागल्या. गाय मेली तर देवीची मर्जी, पण कुणाचा उपास मोडला तर पाप आपल्या माथी. असा हा त्यांचा चोख हिशोब. कुणी पुढे सरेना.

"गाईच्या पोटात तेहतीस कोटी देव असत्यात," लीलाबाईने शेवटचं अस्त्र काढलं. "त्यांनी काय उपाशी ऱ्हावं?"

"एवढे दाटीनं बसल्यात पाटलीनबाई, त्यात तुमची चवड कुटं मावायची?"

एकदोघी हसल्या. पाटलीण हसली नाही. पूजा झाली, आरती झाली. निरांजनात तेल घालायला विठाबाई आत गेली. तेवढाच काय तो वेळ. बाहेर येऊन बघते तर लीलाबाई पवळीच्या दाव्यापाशी उभी, बोटं पदराला पुसत. पानावरची चवड निम्मी झालेली, आणि पवळीच्या नाकातोंडाला पुरण.

"गाय न्हाई तर वासरू," पाटलीण शांतपणे म्हणाली. "त्याचा तर उपास नव्हता?"

बायांनी माना डोलवल्या. हात रिकामे करायला सगळ्यांना वाट सापडली होती. विठाबाई मधे आडवी आली म्हणून पुढचे घास राहिले.

बाया घरी गेल्या, गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी खाऊन त्यांनी उपास सोडले. इकडे पवळीची डावी कूस तट्ट फुगली. ती दात खाई, मागच्या पायाने पोटाला झटके देई, आचळाकडे बघेना. विठाबाईने तेलात ओवा उकळून कोमट करून पाजला, तोंड उघडं राहून ढेकर यावी म्हणून भिमाजीने लिंबाची काडी तिच्या तोंडात आडवी धरली. विठाबाई कूस चोळत राहिली. तोंडाने शिव्या चालू होत्या, पण हळूहळू त्यांनाही ओवीची चाल लागली, पाळण्यापाशी लागते तशी.

बाजूला तांबू दाव्याला हिसके देत होती. मुसक्यातून तिचा हंबरडाही गुदमरल्यासारखा येत होता. लेकराकडे मान लांबवून ती दोरीच चाटत होती.

विठाबाईचा हात थांबला. तिने उठून मुसकं ओरबाडून काढलं, दावं सोडलं. तांबूने पवळीच्या कुशीला जीभ लावली ती उचललीच नाही. खरखरीत जीभ, खालून वर, खालून वर. आणि पवळीने ढेकर दिली. एक, मग दुसरी. गूळवेलदोड्याचा आंबूस वास गोठाभर झाला.

"सण निघाला भायेर," भिमाजी म्हणाला.

धनतेरसेला सकाळीच लीलाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. पवळी आईला ढुशा देत पीत होती.

"बग, किती गुनाची झाली. माझा घास लागला तिला."

"लागला की," विठाबाई म्हणाली. आत जाऊन तिने मुसकं आणलं, त्याला ठसठशीत कुंकू लावलं आणि पाटलिणीच्या ताटात ठेवलं.

"हे कशाला? वासराला बांदाया?"

"वासराला आईची जीभ हाय. हे फुडच्या वसुबारसंला तुमी सोता बांधून या. तवा मी गाईचं तोंड मोकळं ठेवीन."

लीलाबाईचा हात मुसकं उचलायला गेला आणि अडला. कुंकू लावून दिलेली वस्तू सवाशिणीने परत करायची नसते, हे तिनेच आळीला शिकवलं होतं.

ती तशीच निघाली. उंबऱ्याउंबऱ्यावर बाया उभ्या होत्या, ताटात काय आहे ते वाकून बघत होत्या. मागून विठाबाईचं जातं घरघरू लागलं, आणि जात्यावरची ओवी आज मुद्दाम मोठ्याने होती:

पाटलीन गं पुण्यवान, घास देती दारोदारी
गाय म्हनं वासराला, लप बाळा, आली स्वारी