एकतीस पलंगांचं माप

मी तुरुंगात सुतारकाम शिकवतो. कैदी मला मास्तर म्हणतात; मान देत नाही ती फक्त आमची बायको. एकशे ऐंशींच्या जागेत दोनशे दहा माणसं झाली, तेव्हा तुरुंगाच्या साहेबांनी मला बोलावलं.

"मास्तर, कार्यशाळा रिकामी करा. तीस जण तिथे झोपवायचेत. तिमजली पलंग तुम्हीच बनवा."

म्हणजे माझी कबर मीच खणायची. सोळा वर्षं खपून उभी केलेली कार्यशाळा होती ती. रंधा उलटा धरणारी माणसं इथे शिकून बाहेर स्वतःचं दुकान चालवतात. घरी जाऊन मी भांडी आपटली, तर बायको म्हणाली, "भांड्यांनी काय केलंय? काम चोख करा, म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही."

चोख म्हणजे आधी माप. त्याशिवाय मी करवत उचलत नाही. प्रत्येकाची उंची लिहायची, आणि पलंग किती टिकायला हवा ते कळावं म्हणून सुटकेची तारीखही. साहेब हसले. हसू देत.

रांगेत शेवटी लंबू होता. दुसऱ्या तुरुंगातून ट्रकने आलेल्या पन्नास जणांतला. तारीख विचारली तर म्हणाला, "माझी तीन महिन्यांपूर्वीच गेली, मास्तर. पण ऐकतंय कोण?"

"सगळे हेच म्हणतात," शिपाई म्हणाला.

लंबूने बोटांवर मोजून दाखवलं. निकालाआधी तो अकरा महिने आतच होता. ते शिक्षेतून वजा व्हायला हवे होते. मी कचेरीतल्या कारकूनबाईंना गाठलं. त्यांनी फाईल दोनदा वाचली.

"आधीच्या दिवसांचा कागद वेगळा असतो," त्या म्हणाल्या. "तो ट्रकबरोबर आलेलाच नाही."

"एकट्याचाच?"

बाई उठून कपाटाकडे गेल्या. त्यांनी पन्नासही फायली टेबलावर आणून टाकल्या.

"सुताराने सुतारकी करावी," म्हणून साहेब माझ्यावर भडकले. पण बाईंनी मागवलेले कागद चार दिवसांनी आले, तेव्हा स्वतः मोजायला बसले. एकतीस जणांची शिक्षा केव्हाच संपली होती. न्यायालयाने दोन दिवसांत हुकूम काढले.

सकाळी दहाला दरवाजा उघडला. एकेक नाव पुकारलं जात होतं आणि आतून टाळ्या पडत होत्या. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कार्यशाळा तुमची, मास्तर. एक वीटही न लावता जागा केलीत."

बाहेर लंबूची बायको उभी होती. तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला, मग साहेबांकडे वळली.

"तीन महिने जास्त ठेवलंत. ते कोण परत देणार?"

साहेबांनी टोपी काढली.

आत येऊन ते कारकूनबाईंना म्हणाले, "या वर्षी किती ट्रक आले?"

"सहा."

"बाकीच्या पाच ट्रकांच्या फायली काढा. मास्तर, बसा. आज करवत राहू द्या."