घालणारा हलत नाही

घड्याळजीने झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावून दोन मिनिटं आत पाहिलं, झाकण बंद केलं आणि माझ्या मनगटावरून नजर हळूहळू पोटापर्यंत आणत म्हणाला, "साहेब, घड्याळ ठणठणीत आहे. हाताच्या हालचालीवर चालतं हे. घालणारा हलत नाही."

बाबांचं घड्याळ. त्यांच्या हातावर तीस वर्षं बिनबोभाट चाललं आणि माझ्याकडे आल्यापासून दर दोन दिवसांनी मान टाकायचं. तिसऱ्यांदा दुरुस्तीला नेलं होतं. दोष घड्याळाचा, याबद्दल मला तोवर काडीचीही शंका नव्हती.

माझी बाजूही ऐका. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो कोणीच वाचत नाही, तो मी वाचतो. छापण्याआधी त्यातल्या चुका काढतो. चार वर्षं हे काम घरूनच चाललंय, आणि या चार वर्षांत मी एका विद्येत पारंगत झालो: सगळं हाताशी. डावीकडे पाण्याची बाटली, उजवीकडे चहाची किटली, पायाशी प्रिंटर, पाठीमागे हात नेला की शब्दकोश. पडदा ओढायला छत्रीची वाकडी मूठ. जे हाताशी नाही त्याच्यासाठी घसा होता. "अगं, माझा चष्मा!" म्हटलं की चष्मा यायचा. बायको कामावर गेलेली असली तर चष्मा तिची वाट बघायचा, आणि मीही.

घड्याळजीचा किस्सा घरी विनोद म्हणून सांगितला, तिथेच फसलो. बायकोने तो फोनवर माझ्या ताईला ऐकवला, आणि आठवड्याभरात "घराला रंग काढलाय" म्हणत ताई महिनाभरासाठी बॅग घेऊन दारात हजर.

ताई म्हणजे एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली बाई. मी पन्नाशीला आलो तरी मला ठोंब्याच म्हणते. पहिल्याच सकाळी टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ठोंब्या, ऊठ. दर तासाला घरात चार फेऱ्या."

"ताई, काम आहे गं."

"मग फोन आला की उभा राहून बोल."

"उभं राहिलं की मला सुचत नाही."

"बसून काय सुचलंय आजवर?"

मी ढिम्म. दुसऱ्या दिवसापासून तिने विषयच काढला नाही. जिने निम्म्या गावाच्या पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या ती एका दिवसात हार मानते, याचा वास यायला हवा होता मला. मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर दोनच दिवसांनी वस्तू हरवायला लागल्या.

आधी चष्मा पुसायचं फडकं. ते सापडलं बैठकीतल्या कपाटावर. मग शार्पनर, बाल्कनीच्या कठड्यावर. शब्दकोश फ्रिजवर. किटली स्वयंपाकघरात. आता किटलीची जागा तीच, हे खरं, पण मी ती तिथे नेली कधी?

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू, पार टरकलो. बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी पेन, मग किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, शेवटी आमची. "माझं अमुक कुठंय?" हे एकच वाक्य ते दिवसभर म्हणत बसायचे. ते वाक्य आपल्या तोंडून निघू द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. त्यामुळे ओरडणं बंद. गुपचूप उठायचो, घरभर शोधायचो, वस्तू आणून जागेवर ठेवायचो, की तासाभरात दुसरी गायब. कॉम्प्युटरवर तक्ता केला: वस्तू, तारीख, कुठे सापडली. फाइलला नाव दिलं 'वॉरंटी कार्डं', म्हणजे जन्मात कोणी उघडायला नको. नेमकं त्याच आठवड्यात तपासायला आलेल्या कागदावर लिहिलेलं, 'दुष्परिणाम: विसराळूपणा'. औषध घेत नव्हतो, तरी परिणाम लागू. स्वतःची परीक्षा म्हणून सतराचा पाढा म्हणून पाहिला. सतरा साते एकशे एकोणीसला गाडी अडली आणि मला दरदरून घाम फुटला. तो पाढा मला शाळेतही येत नव्हता, हे नंतर आठवलं.

"अहो, तुमचा पट्टा एक भोक आत गेलाय," बायको म्हणाली. "कसलं टेन्शन घेतलंय का?"

वजन घटणं हेही लक्षणांत होतंच. मी नुसता हसलो.

आणि मग घड्याळ गेलं. टाइप करताना टोचतं म्हणून मी ते काढून ठेवायचो. कुठे ठेवलं ते काही केल्या आठवेना. बाकीच्या वस्तू निदान सापडत तरी होत्या. पाचव्या दिवशी दुपारी मी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभा असताना ताई आत आली.

"काय शोधतोयस रे?"

"काही नाही" म्हणायला गेलो आणि रडूच फुटलं. पन्नास वर्षांचा घोडा, हाताला तांदूळ चिकटलेले. "ताई, मला बाबांसारखं होतंय गं."

ताई मटकन स्टुलावर बसली. तिला असं बसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"अरे देवा," ती म्हणाली. "ठोंब्या, ते मी केलंय. मी हलवते तुझ्या वस्तू. तू उठावंस म्हणून. तू खुर्चीतूनच बोंबलशील असं वाटलं होतं. तू तर निमूट उठून शोधायला लागलास. म्हटलं, सुधारलं पोरगं."

मला तिचा गळा धरावा की पाय, कळेना. पण ती रडत होती.

"बाबांच्या वेळीही हेच करायचे मी. डॉक्टर म्हणाले, चालतं ठेवा त्यांना. मग मी त्यांचा पेपर लपवायचे, चपला लपवायचे. ते शोधत फिरायचे आणि मी हसायचे. खरंच विसरायला लागले, तेव्हा मला वाटलं हा माझाच प्रताप. चार महिने, ठोंब्या. चार महिने मी हसत होते."

मी तेव्हा काय करत होतो? दर रविवारी फोन करत होतो. बसून.

"म्हणून या वेळी लिहून ठेवलंय," म्हणत तिने कमरेला खोचलेली वही काढली. हलवलेली प्रत्येक वस्तू, तारखेसकट. मी 'वॉरंटी कार्डं' उघडली. ती वाचू लागली, मी खुणा करू लागलो. फडकं, बरोबर. शार्पनर, बरोबर. किटली, बरोबर. माझा जीव एकेका खुणेने भांड्यात पडत होता. आलटून-पालटून त्याच तेरा वस्तू, सगळ्या जुळल्या.

"आणि घड्याळ," मी म्हणालो.

ताईने वहीचं पान उलटलं. पुन्हा मागे आली. "घड्याळाला मी हात नाही लावला. बाबांचं आहे ते."

म्हणजे तेरा तिच्या आणि एक माझी. बाबांचंही एकापासूनच सुरू झालं होतं.

"ऊठ," ताई एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाली.

"सगळीकडे पाहिलंय, ताई."

"खुर्चीतून ऊठ म्हणतेय मी!"

उठलो. तिने खुर्ची आडवी पाडली, बैठक आणि पाठ यांच्या फटीत मनगटापर्यंत हात घातला, आणि एक पेन्सिल, दोन टाचण्या आणि बाबांचं घड्याळ बाहेर काढलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती डोळे पुसत म्हणाली.

"काखेत असता तर अब्रू तरी राहिली असती."

तिने ते कानाला लावलं, आणि तिचा चेहराच बदलला. मग तिने ते माझ्या कानाला लावलं.

टिकटिक. पाच दिवस, दिवसातून चाळीस वेळा मी धाडकन उठत होतो, खुर्ची ढकलत होतो, परत येऊन आदळत होतो. माझ्या हातावर दोन दिवस न टिकणारं घड्याळ माझ्या बुडाखाली पाच दिवस चाललं होतं. फक्त वीस मिनिटं मागे होतं.

मी ते हातावर बांधलं. "किटली कुठे ठेवलीयस आज?" मी विचारलं.

"शोध," ताई म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहू लागली.