गोरखचिंचेच्या कागदाने कपाट बदललं

मी एक जुना, कडांना पिवळा पडलेला कागद आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर गोरखचिंचेची एक डहाळी शिवलेली आहे: पाच पानं आणि दोन फुलं. वनस्पतिसंग्रहालय सांभाळणारे गोमानी तेव्हा तरुण होते. शिरे नदीकाठच्या झाडाला शिडी लावून त्यांनी ती तोडली. फुलं जाड, म्हणून रोज दोनदा टिपकागद बदलून वाळवली. मग माझ्यावर 'सावरीचं कुळ' अशी चिठ्ठी डकवून मला वनस्पतिसंग्रहालयात सावरीच्या कपाटात ठेवलं.

तिथे मी तीस वर्षं राहिलो. देशोदेशीचे अभ्यासक मला भिंगाखाली न्याहाळत. कसर लागू नये म्हणून गोमानी स्वतः दर महिन्याला एकेक कागद तपासत.

एके दिवशी तियामिके ही नवी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणाली, "काका, हे कपाट रिकामं करायचंय. सावरीचं कुळ आता भेंडी-जास्वंदीच्या कुळात घेतलंय. अभ्यासकांनी जनुकं तपासलीत."

"त्यांनी तपासली, मी नाही," गोमानी म्हणाले. "एवढं अवाढव्य झाड आणि परसातली भेंडी एका घरातली? म्हाताऱ्याची थट्टा करतेस होय गं?"

"मग एक फूल भिजवून बघू?"

मी हादरलो. माझ्याकडे दोनच फुलं होती, आणि चिरलेलं फूल पुन्हा अखंड होत नाही. पण गोमानींनीच चिमटा उचलला.

कोमट पाण्यात फूल मऊ झालं, तसं गोमानींनी ते उभं चिरलं. शेजारी तियामिकेने भेंडीचं ताजं फूल उभं चिरून ठेवलं. दोन्हींत पुंकेसर तळाशी जुळून त्यांची नळी झाली होती.

गोमानी भिंगावरून उठेनात. "ही नळी मी पहिल्याच दिवशी पाहिली होती," ते हळूच म्हणाले. "पण ती आणखी कुणाकडे आहे, हे कधी विचारलंच नाही."

तियामिके जुनी चिठ्ठी सोलू लागली.

"तिला हात लावू नकोस. नवी शेजारी लाव."

नवी चिठ्ठी त्यांनीच लिहिली. चिरलेलं फूल कागदी पुडीत घालून माझ्या कोपऱ्यात चिकटवलं, आणि संध्याकाळपर्यंत कपाटातले सगळे कागद स्वतः भेंडीच्या कपाटात हलवले. ज्या माणसाने आयुष्यभर एक मांडणी जपली, त्यानेच ती मोडताना मी पाहिलं. त्या दिवसाइतका मोठा तो मला कधीच वाटला नव्हता.

मित्रांनो, मला उचलाल तेव्हा दोन्ही हातांनी, आडवं उचला. माझ्यावर हवी तेवढी नवी नावं लावा. पण जुनं नाव खरवडू नका; ते लिहिणाऱ्यानेही फूल मनापासून पाहिलं होतं.