पाटीपलीकडचा फोटो

वकीलसाहेबांनी सूचनांच्या कागदावर सही करायला पाऊण तास लावला, आणि तेवढ्या वेळात अक्काने त्यांना पुरतं जोखलं. तिसऱ्या कलमात ‘शक्यतो’ हा शब्द का नाही, पाचव्यातली जबाबदारी नेमकी कोणाची, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. हवेची टाकी कशी तपासायची, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. ते त्यांना येत होतं. त्यांना सगळंच येत होतं.

अक्का सव्वीस वर्षं माणसांना पाण्याखालच्या गुहेत नेत होती आणि मुख्य म्हणजे परत आणत होती. बुटकी, रुंद खांद्यांची, उन्हाने रापलेली बाई. दुकान तिचा धाकटा भाऊ सांभाळायचा: टाक्या भरायच्या, रबरी पोशाख वाळत घालायचे आणि गिऱ्हाइकांपुढे हसायचं. त्यातलं तिसरं काम अक्काला जन्मात जमलं नसतं. तिच्या लेखी गिऱ्हाइकं दोन प्रकारची. काहींना काही कळत नसतं आणि ते त्यांना ठाऊक असतं. हे नुसते कंटाळवाणे. उरलेल्यांना तेवढंही ठाऊक नसतं.

वकीलसाहेब या उरलेल्यांतले. पोशाख कोरा करकरीत, घडीची रेघसुद्धा मोडलेली नाही. एक कॅमेरा कपाळावर, दुसरा हातात. सोबत त्यांची थोरली मेव्हणी होती, शाळेत गणित शिकवणारी. बायकोला सर्दी होऊन कानांत दडे बसले होते, त्यामुळे तिला पाण्यात उतरणं शक्य नव्हतं, आणि नवऱ्याला एकटं सोडायची तिची छाती नव्हती. म्हणून तिने बहिणीला मागे लावून दिलं होतं. या गणिताच्या बाईंकडे एक वही होती. अक्का बोलेल ते त्या वहीत उतरवत होत्या आणि समजलं नाही की हात वर करत होत्या. कंटाळवाण्यांतल्या, अक्काने ठरवून टाकलं.

तिने नेहमीचे नियम सांगितले. हवेचे तीन वाटे करायचे. एक जायला, एक यायला, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही, तो संकटाचा. गुहेत बांधलेली दोरी सोडायची नाही. मान वळवली की गुहेच्या तोंडाचा उजेड दिसलाच पाहिजे. पाय तळाला लावायचे नाहीत, कारण गाळ उठला की स्वतःचा हात दिसत नाही. आणि कोणीही अंगठा वर केला की सगळ्यांनी बाहेर निघायचं, का म्हणून विचारायचं नाही. उजेड संपतो तिथे खडकावर पाटी ठोकलेली आहे, तिच्यापुढे जायचं नाही.

“पाटी लावली आहे म्हणजे पुढे काहीतरी बघण्यासारखं असणार,” वकीलसाहेब म्हणाले.

“आहे ना. चिखल,” अक्का म्हणाली.

काठावरच्या पायऱ्यांवर बसून ती पायांत फिन्स, पोहायचे रबरी पंजे, चढवत होती, तेव्हा बाई पुन्हा जवळ आल्या. त्यांच्या टाकीतल्या हवेचा काटा एकशे साठवर होता. सकाळी भावाने तर दोनशे सांगितलं होतं. आज बाईंचा हा कितवा प्रश्न, हे अक्काने मोजणं सोडलं होतं. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. “पुरेल हो,” ती म्हणाली. “आत मुक्कामाला जायचं नाहीये.”

खाली पाणी काचेसारखं होतं. छताला दगडी सुळे लोंबत होते आणि मागून येणारा निळा उजेड त्यांच्या फटींतून आत सांडत होता. अक्का पुढे, मध्ये वकील, शेवटी बाई. वकीलसाहेब सायकल हाणल्यासारखे पाय मारत होते. अक्काने दोनदा मागे वळून पाय वर घ्यायची खूण केली. त्यांनी दोन्ही वेळा तिला ‘ठीक आहे’ अशी खूण केली आणि सायकल चालू ठेवली. पालथ्या घड्यावर पाणी, आणि इथे तर पाण्याला तोटा नव्हता.

पाटी दिसू लागली तेवढ्यात मागून टॉर्चचा झोत हलला. बाईंनी अंगठा वर केला होता. घाबरली बया, अक्काच्या मनात आलं, एवढी खर्डेघाशी करून शेवटी घाबरलीच. ती वकिलाला ओलांडून बाईंकडे आली, अगदी दोन क्षण. वळून पाहते तर दोरीवर वकील नाही. पाटीच्या पलीकडे कॅमेऱ्याचा दिवा चमकला, आणि त्याच्यामागून तपकिरी ढग उठून तिथल्या बोगद्याच्या तोंडातून बाहेर लोटला.

अक्काला भीती वाटली नाही. आधी राग आला आणि मग निव्वळ किळस. या माणसाला जिवापेक्षा फोटो प्यारा होता, आणि आता त्याच्या जिवाची हमाली तिच्या गळ्यात. तिने बाईंचा हात मुख्य दोरीवर ठेवून दाबला, थांबायची खूण केली, कमरेला लावलेल्या दोरीच्या रिळाचं टोक त्यांच्या हाताशेजारी बांधलं आणि गाळात शिरली.

आत आंधळ्यासारखं चाचपत जावं लागलं. रिळाची दोरी उलगडत, हात झाडत, मधेच श्वास रोखून ऐकत. उजवीकडे काही नाही. डावीकडे खडक. मग डोक्यावर कुठेतरी धातू दगडावर आपटल्याचा आवाज आला. वकीलसाहेब छताला चिकटून बसले होते, पालीसारखे. तिचा हात लागताच त्यांनी तिच्या तोंडातली नळी हिसकली. त्यांच्या स्वतःच्या टाकीत हवा होती, पण तेवढा विचार करायला जागेवर डोकं लागतं. अक्काने छातीवरची जास्तीची नळी तोंडात घेतली, त्यांच्या जॅकेटचा पट्टा मुठीत आवळला आणि रीळ गुंडाळत माघारी निघाली. ते लाथा झाडत होते. एक लाथ तिच्या बरगडीत बसली.

गाळ मुख्य दोरीपर्यंत पसरला होता. गाठ हाताला लागली, आणि गाठीवर एक थंडगार हात. बाई होत्या तिथेच होत्या. त्यांनी अक्काचं मनगट दाबलं, मग तिघंही दोरी बोटांतून सरकवत बाहेर निघाली, बाई सर्वांत पुढे. हळूहळू तपकिरी रंग विरला आणि निळा उजेड दिसला.

वर आल्यावर वकीलसाहेबांनी सर्वांत आधी कॅमेरा तपासला. फोटोत नुसता गढूळपणा होता. मग त्यांनी अक्काच्या भावाला सांगायला सुरुवात केली, की गाइडने ऐनवेळी पाठ फिरवली आणि ते स्वतः शांत राहिले म्हणून निभावलं. भाऊ टॉवेल देत मान डोलावत होता.

बाई उपकरणं धुवायच्या हौदाशी उभ्या होत्या. त्यांनी आपल्या टाकीचा काटा अक्कापुढे धरला. अठ्ठावीस.

“एकशे साठचा तिसरा हिस्सा त्रेपन्न,” त्या म्हणाल्या. “एकशे सातवर वळायला हवं होतं. म्हणून अंगठा केला.”

अक्काने काटा पुन्हा एकदा वाचला. “मग थांबलात कशाला? दोरी धरून सरळ बाहेर जायचं.”

“तुम्ही थांबा म्हणालात. शिवाय तो माझ्या बहिणीचा नवरा आहे. मला तो आवडत नाही, पण आहे.” त्यांनी डोक्यावरची रबरी टोपी ओढून काढली. “त्याला तुम्ही मूर्ख समजलात ते बरोबरच होतं. मलाही समजा. पण मूर्खाच्या टाकीचा काटासुद्धा बघावा लागतो ना?”

अक्का दुकानात गेली. भावाने कबूल केलं: टाकी घाईत भरली, गरम होती, थंड झाल्यावर काटा उतरणार हे त्याला माहीत होतं. पुरेल असं त्याला वाटलं होतं. त्याला द्यायच्या शिव्या तिने गिळल्या; पुरेल, हे तीही म्हणाली होती. पाठीमागे वकीलसाहेब तक्रार करण्याची भाषा करत होते. मग एकदम मोठ्या मनाने म्हणाले, की उद्या पुन्हा नेलंत, पाटीच्या जरा पुढे, तर विषय इथेच संपवू.

अक्का टेबलाशी बसली आणि गाइडांच्या संघटनेला द्यायची तक्रार तिने स्वतःच लिहून काढली. टाकी अर्धवट भरलेली होती. सांगूनही आपण काटा पाहिला नाही. गिऱ्हाईक दोरी सोडून पाटीपलीकडे गेलं. तिने सही केली आणि कागद वकिलापुढे सरकवला. “साक्षीदार म्हणून सही करा.”

त्यांनी वाचलं, दोनदा वाचलं. शेवटच्या वाक्याची तशी गरज नाही, असं त्यांचं मत पडलं. ते वाक्य राहणारच, असं अक्काने सांगितल्यावर त्यांना एकाएकी परतीच्या गाडीची वेळ आठवली. सही बाईंनी केली, सुवाच्य अक्षरात, खाली तारीख घालून.

संघटनेने अक्काचा परवाना चार महिने अडकवला आणि तिला नवशिक्यांच्या वर्गात पुन्हा बसायला लावलं. भाऊ रुसला, घरातलं झाकून ठेवायचं असतं, असं त्याचं म्हणणं. वर्गात शिकवणारा तिच्या निम्म्या वयाचा, फळ्यावर रंगीत खडूंनी मासे काढणारा. अक्काला तो पहिल्या पाच मिनिटांत डोक्यात गेला. तरी त्याने हवेच्या वाट्यांचं गणित घातलं तेव्हा तिने वही उघडली. दोघांच्या टाक्या सारख्या भरलेल्या नसतील तर कोणाच्या काट्यावरून वळायचं, त्याने विचारलं. मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, गाइडच्या.

“ज्याची हवा कमी त्याच्या,” अक्का म्हणाली, आणि तिने ते लिहून घेतलं.